आमच्या घरमालकिणीचा फौजदार

नव्वदच्या आसपासच्या काळात बोईसर स्टेशनपासून तारापूरच्या समुद्रापर्यंतच्या टापूत जर कुणी कायदा राखला असेल, तर तो आमच्या घरमालकीण मावशीने राखला. हे मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहितो आहे. चार माणसांत हे बोललं की लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. एका मच्छीवाल्या बाईने टीव्हीवरची इंग्रजी गुन्हेगारीची मालिका पाहिली, तिच्या डोक्यात वारं शिरलं आणि ती डोक्यावर हॅट घालून फिरू लागली, यात कायदा कुठे आला, असं विचारणारे शहाणे मला बरेच भेटले आहेत. त्यातले निम्मे माझ्याच नात्यातले आहेत. त्यांना हसायचं असेल तर त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे त्यांना फारशी सवड मिळेल असं वाटत नाही.

मी घाटावरचा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो तेव्हा बोईसरमध्ये भाड्याची खोली मिळणं म्हणजे लॉटरी होती. एकेका खोलीत तीन तीन पाळ्यांचे कामगार पाळीपाळीने झोपायचे, आणि खाट कधी थंड व्हायची नाही. नवी नवरी घेऊन आलेल्या माणसाला तिथे कोण विचारणार? मग कुणीतरी समुद्राकाठच्या एका मच्छीमारांच्या गावाचं नाव सांगितलं. कारखान्याची पाळीची बस तिथल्या नाक्यापर्यंत येत असे. तिथे एका कौलारू घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मावशीने ना माझी जात विचारली, ना पगार. कासोट्याचं लुगडं नेसलेली, दंडाने माझ्यापेक्षा भक्कम अशी ती बाई दारात उभी राहिली आणि तिने एकच प्रश्न केला, "सुक्या बोंबलाचा वास चालंल का?" मी चालेल म्हणालो. "नाय चालला तरी वास जानार नाय, तुमी जाल," असं म्हणून तिने किल्ली दिली. तिच्याशी झालेला आमचा भाडेकरार एवढाच.

वास खरोखरच गेला नाही. त्या गावाच्या किनाऱ्यावर, वाळू आणि सुरूची झाडं यांच्या मधल्या पट्ट्यात, बांबूंच्या उभ्या खांबांना दोऱ्या ताणून बांधलेल्या असत. त्याला वलांडी म्हणतात. त्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालायचे. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. हिवाळाभर हे काम चालायचं, कारण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की घरातलं खाणं आणि बाजारातली विक्री या सुक्यावरच. ती वाळवणीची जागा गेली तर गावाचा पावसाळा गेला, इतका सरळ मामला होता. जागेचा कागद कुणाकडेच नव्हता. कोणाची वलांडी कुठे, हे सगळ्यांना आईच्या दुधातून कळलेलं होतं.

या वलांडीचा एक कायदा होता आणि तो आमच्याकडून दुसऱ्याच दिवशी मोडला गेला. अवेळी आभाळ भरून आलं होतं. शेजारीण बोईसरच्या बाजारात गेलेली आणि तिचे बोंबील दोरीवर. माझी बायको मूळचीच मदतीला धावणारी. टोपली घेऊन ती धावली आणि निम्मी दोरी मोकळी करून बसली. बघता बघता गल्लीतल्या बायका दोऱ्यांभोवती येऊन उभ्या राहिल्या. शेजारीण परत आली, तिने ती टोपली पाहिली आणि मटकन खालीच बसली. मग मावशीने आम्हाला समजावलं. जिने मासे टांगले तिनेच ते काढायचे. पाऊस आला तर हाक मारायची, माणूस धाडायचा, पण हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या हाताने मासे दोरीवरून उतरतात ते एकदाच, टांगणारी मेल्यावर. आणि जो कुणी ते उतरवतो तो त्या घरचा होतो. त्याने सुतक पाळायचं, पुरुष असेल तर डोकं भादरायचं, पिंडाला उभं राहायचं.

म्हणजे माझ्या बायकोने धडधाकट शेजारणीला चितेवर चढवली होती. बायको रडायला लागली. मावशीने तिथल्या तिथे निवाडा दिला की हिने उतरवलेले सगळे मासे हिनेच पुन्हा टांगायचे, जबड्यात जबडा घालून, म्हणजे शेजारीण परत जिवंत. बोंबलाचे दात दिसत नाहीत पण असतात. माझ्या बायकोने आयुष्यात नदीच्या माशालासुद्धा कधी हात लावलेला नव्हता. अंधार पडेपर्यंत तिची बोटं रक्ताळली, पण तिने शेवटची जोडी टांगली तेव्हा शेजारणीनेच तिच्या हाताला हळद लावली. मावशी माझ्या बायकोच्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "एवढी हौस हाय तर थांब जरा. माजं तूच काढ, येल आली की." गल्ली खो खो हसली. आम्हीही हसलो.

आता फौजदाराकडे येतो. मावशीचा एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला होता. तो वर्षातून एकदा यायचा आणि येताना काहीतरी अजस्र वस्तू आणायचा. एकदा त्याने हा भलामोठा रंगीत टीव्ही आणला. बोईसरहून एक केबलवाला नारळाच्या झाडांवरून तार ओढत ओढत आला आणि मावशीच्या ओटीवर परदेशी चॅनल सुरू झालं. त्यावर दर शनिवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. काळ आजचा, गाड्या नव्या कोऱ्या, गुन्हे खून आणि दरोड्यांचे, पण त्यातला अधिकारी मात्र जुन्या घोडेस्वारांसारखा. उंच, वाळकुडा, डोक्यावर रुंद काठाची हॅट, कमरेला पिस्तूल. वरिष्ठांचं ऐकायचं नाही, एकट्याने जायचं, रस्त्याच्या मधोमध पाय फाकून उभं राहायचं. त्याचं नाव काय, मालिकेचं नाव काय, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मावशीने पहिल्याच शनिवारी त्याला पाहून सांगितलं की हा फौजदार आहे. आमच्या चौकीतला साहेब जीपमधून यायचा आणि जाताना पापलेट घेऊन जायचा. हा काही घेऊन जात नाही, म्हणून हा खरा फौजदार.

मावशीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आणि याचा तिला तिळमात्र त्रास नव्हता. ओटीवर वीस-पंचवीस बायका बसलेल्या असायच्या आणि मावशी त्यांना गोष्ट सांगत जायची. तिच्या गोष्टीत ते परदेशी शहर हे बंदर होतं. रुपेरी गाडीतून फिरणारा खलनायक हा माशांचा दलाल होता आणि बँकेवरचा दरोडा ही जाळ्यांची चोरी होती. पिवळ्या केसांची जी बाई दर भागात रडायची ती फौजदाराची विधवा भावजय. प्रत्यक्षात ती सरकारी वकील होती. मी पदवीधर. एकदा न राहवून खरी गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तर मावशीने पडद्यावरची नजर न काढता हाताने मला गप्प केलं. वकीलबाई कुणासाठी रडते का, असा तिचा सवाल होता. मग मी तो नाद सोडला. खरं सांगायचं तर मावशीची गोष्ट जास्त रंगायची.

दर भागाच्या शेवटी फौजदार बुटाच्या टाचेने मातीत एक रेघ ओढायचा, समोरच्या गुन्हेगाराकडे डोळे बारीक करून बघायचा आणि हळू आवाजात एक वाक्य बोलायचा. ते वाक्य तुला वकील नेमायचा हक्क आहे अशा काहीतरी सरकारी थाटाचं असे. मावशीच्या मते मात्र तो म्हणायचा, "पुढचं पाऊल तुजं." ओटीवरच्या सगळ्या बायका ते तिच्याबरोबर एका आवाजात म्हणायच्या. मग टीव्ही बंद व्हायचा आणि प्रत्येकजण जणू आपणच कुणाला तरी पकडून आणल्याच्या ताठ्यात घरी जायची. तुम्ही याला वेड म्हणा. मी पाळीवरून दमून आलेला असायचो आणि मलाही तो ताठा हवासा वाटायचा.

हळूहळू फौजदार मावशीच्या अंगात मुरला. तिचा आवाज असा होता की किनाऱ्यावरून होडीवरच्या माणसाला शिवी पोचायची. ती आता कमी बोलू लागली, म्हणजे तिच्या हिशेबाने कमी. कुणाच्या घरात शिरताना आधी दाराआड बघायची. एसटीच्या थांब्यावर पाय फाकून, दोन्ही हात कमरेशी ठेवून उभी राहायची. फौजदाराचं पिस्तूल जिथे असायचं तिथे हिच्या कमरेला मिश्रीची डबी असायची, आणि समोरच्याचं चुकतंय असं वाटलं की हिचा हात सावकाश डबीकडे जायचा. मुलाला सांगून तिने परदेशातून तसली रुंद काठाची हॅट मागवली. मुलगा शहाणा, मुकाट्याने आणून दिली. तेव्हापासून कासोट्याचं लुगडं, नाकात नथ, डोक्यावर पदर आणि पदरावर हॅट, अशा रूपात मावशी वलांड्यांमधून फिरू लागली. उन्हात काम करणाऱ्या बाईला हॅट घालावीशी वाटली यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

एकदा तिच्या घरातल्या वाळून ठेवलेल्या बोंबलांच्या टोपलीतले बोंबील कमी होऊ लागले. मावशीने तपास हाती घेतला. तिने उंबऱ्यावर राख पसरली, मांजराची जबानी घेतली म्हणायलाही हरकत नाही इतका वेळ ती मांजराकडे बघत बसली, आणि शेवटी भर दुपारी पडवीत दबा धरून चोर रंगेहाथ पकडला. चोर म्हणजे काका. मावशीचे यजमान. हा माणूस दिवसभर टीव्हीकडे पाठ करून जाळं विणत बसायचा आणि वर्षाला साधारण वाटीभर शब्द खर्च करायचा. चौकशीत निष्पन्न झालं की केबलवाला ते परदेशी चॅनल बंद करायच्या गोष्टी करत होता, कारण ते बघणारं आख्ख्या लायनीवर हे एकच घर होतं. ते बंद होऊ नये म्हणून काका त्याला गुपचूप बोंबील पोचवत होते. दुसरी कुठलीही बायको हे ऐकून विरघळली असती. मावशीने जाहीर केलं की कायद्याला नवरा नसतो, आणि काकांना महिनाभर टीव्ही बघायला बंदी केली. काकांनी मान डोलावली आणि ते पूर्वीसारखेच टीव्हीकडे पाठ करून बसले. पण त्या दिवसापासून मावशी स्वतःच दर महिन्याला केबलवाल्याला बोंबील देऊ लागली, तेही उघड उघड, आणि वर त्याला काकांच्या पाया पडायला लावायची.

असं सगळं मजेत चाललेलं असताना कंत्राटदार आला. बोईसरमध्ये तेव्हा इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांना वाळू हवी होती. ओहोटी लागली की त्याचे ट्रक किनाऱ्यावर उतरायचे, वाळू भरायची, निघून जायचं. आधी ते गावाच्या दूरच्या टोकाला होते. मग त्यांना जवळचा रस्ता हवा झाला आणि तो रस्ता सरळ वाळवणीच्या जागेतून जात होता. एका सकाळी चार घरांच्या वलांड्या चाकांखाली मोडल्या. सुदैवाने दोऱ्या रिकाम्या होत्या. बायका पंचायतीत गेल्या, तिथे कागद आणा म्हणाले. चौकीत गेल्या, तिथे बघतो म्हणाले. मग कंत्राटदार स्वतः जीपमधून आला. पांढरे कपडे, बोटांत खड्यांच्या अंगठ्या, जीपच्या पुढे लिंबू-मिरची. सोमवारी सकाळी सगळे बांबू काढलेले दिसले पाहिजेत, नाहीतर माझी माणसं काढतील, असं तो शांतपणे सांगून गेला. त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि पत्रिका सरपंचाच्या घरी भिंतीला लावलेली सगळ्या गावाने पाहिली होती, तेव्हा पंचायतीकडून काही होणार नाही हे उघड होतं.

त्या शनिवारी ओटीवर बायका आल्या पण गोष्टीत कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारीण म्हणाली की पुरुषांनी काठ्या घेऊन जावं. मावशीने नाही म्हटलं. काठ्या निघाल्या की चौकीला कारण मिळतं आणि आत आपलीच पोरं जातात, एवढं तिला फौजदाराशिवायही कळत होतं. ती म्हणाली, आपण एकटी उभी राहणार. मी घाबरलो. मी तिला सांगितलं की मावशी, टीव्हीतल्या माणसाला गोळी लागत नाही कारण पुढच्या शनिवारी त्याला परत यायचं असतं. हा ट्रक आहे, तो खरा आहे. मावशीने पदर कमरेला खोचला. "पुढच्या शनवारी मला पन यायचंय," ती म्हणाली, आणि होड्या परतल्या की नाही ते बघायला निघून गेली.

सोमवारी मी पाळीची बस सोडली. कामावर गैरहजर राहायची ती माझी पहिलीच वेळ. फटफटल्यावर किनाऱ्यावर गेलो तर मावशीचं निम्मं काम झालेलं होतं. जिथून ट्रक वाळूत उतरायचे त्या तोंडाशी, दोन बाजूंच्या सुरूच्या झाडांना, तिने रस्त्यावर आडव्या दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर रात्रीच्या होडीतले ओले बोंबील जबड्यात जबडा घालून टांगत होती. कुणाला हात लावू देत नव्हती. ऊन वर आलं तेव्हा सगळा रस्ता चकचकणाऱ्या माशांनी बंद झाला. मग तिने हात धुतले, पदर घेतला, हॅट घातली आणि दोऱ्यांच्या मागे, रस्त्याच्या बरोबर मधे, पाय फाकून उभी राहिली. हात कमरेला, डबीपाशी. बाकीच्या बायका सुरूंच्या सावलीत. थोड्या वेळाने काका विणायची सुई हातात घेऊन आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. तू कशाला आलास म्हणून मावशीने त्यांना झापलं. "बसून कंटाललो," काका म्हणाले.

ट्रक आला. मागे जीप. ट्रकचा ड्रायव्हर पिकल्या मिशांचा, डहाणूकडच्या मच्छीमार वस्तीतला होता. स्थानिक माणसं कंत्राटदाराला स्वस्त पडायची. ड्रायव्हरने माशांपासून हातभर अंतरावर ब्रेक मारला. जीपमधून ओरडा झाला, चल पुढे, दोरीच तर आहे. ड्रायव्हर पुढे गेला नाही. तो खाली उतरला, दोरीपाशी आला, हात मागे बांधून त्याने मासे नीट पाहिले आणि मावशीला विचारलं, "बाय, टांगलं कोनी?" मावशीने आपण टांगल्याचं सांगितलं. त्याने वाकून तिला नमस्कार केला, ट्रकची किल्ली काढून खिशात घातली आणि जीपपाशी जाऊन मालकाला सांगितलं की ही बाई जिवंत आहे, हिचे मासे मी काढणार नाही. वाळू भरणारे मजूरही त्याच बाजूचे होते. त्यांनी फावडी खाली ठेवली आणि ते सुरूंकडे सरकले.

कंत्राटदाराला कळेना की हा काय प्रकार आहे. तो तरातरा आला. हटो म्हणाला, बाजूला व्हा म्हणाला, मी स्वतः तोडतो म्हणाला, आणि त्याने अंगठ्यांचा हात पहिल्या जोडीकडे नेला. मावशीने पायाची टाच उचलली आणि वाळूत सावकाश एक रेघ ओढली.

"काढ," ती म्हणाली. "आमच्यात दुसऱ्याच्या हातानं मासं उतरलं तर ती बाय मेली. आन उतरवनारा तिच्या घरचा. म्हंजे आजपासून तुला माजं सुतक. दहा दिस. डोकं भादरायचं, तेराव्याला गावजेवन घालायचं. पोरीचं लगीन कवा हाय तुज्या?"

कंत्राटदाराचा हात थांबला. त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने गंभीरपणे मान हलवली, खरं आहे. मजुरांकडे पाहिलं, ते त्याच्यापासून आणखी दोन पावलं मागे गेले. लिंबू-मिरची बांधून फिरणाऱ्या माणसाला मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात सुतक, तेही बोंबलांचं. मला त्याची गंमत वाटायला हवी होती, पण वाटली नाही. माझं सगळं लक्ष मावशीच्या डबीवरच्या हाताकडे होतं. डबीचं झाकण उघडून मिश्री वाळूत सांडत होती. हे फक्त मला आणि काकांना दिसलं असावं, कारण काका अर्धं पाऊल पुढे झाले आणि त्यांनी तो हात आपल्या अंगाआड घेतला.

"पुढचं पाऊल तुजं," मावशी म्हणाली. आणि सुरूंच्या सावलीतून साऱ्या बायकांनी एका आवाजात तेच म्हटलं.

कंत्राटदाराचं पाऊल मागे पडलं. बघून घेईन वगैरे तो म्हणाला, पण ते जीप वळवता वळवता म्हणाला. त्याने मग खरंच बघून घ्यायचा प्रयत्न केला. लग्न आटपल्यावर तो पुन्हा आला, तेव्हाही दोऱ्या भरलेल्या होत्या. त्यानंतर आला तेव्हाही. ते सबंध वर्ष बायकांनी पाळ्या लावून रस्त्यावरची दोरी रिकामी पडू दिली नाही. पावसाळ्यात ताजे बोंबील नसताना खाडीतली बोटभर मांदेली टांगली, पण दोरी भरलेली ठेवली. शेवटी तो किनाऱ्याने वरच्या गावाकडे सरकला. तेव्हा मावशी हॅट घालून वाणगावमार्गे त्या गावी स्वतः गेली आणि तिथल्या बायकांना दोरी कुठे बांधायची ते दाखवून आली. हे वेड असेल तर मला असली चार वेडी माणसं दाखवा, मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला जातो.

मालिका मात्र संपली नाही, तुटली. केबलवाल्याने एक दिवस ते चॅनलच काढून टाकलं आणि त्या जागी नाचगाणी आणली. बोंबलांनीही काम झालं नाही. आम्हाला वाटलं मावशी आता खचणार. पुढच्या शनिवारी ओटीवर नेहमीसारख्या बायका जमल्या आणि मावशीने बंद टीव्हीसमोर बसून सांगितलं की फौजदाराची बदली झाली आहे. कुठे, ते कुणी विचारलं नाही. तिने हॅट नीट केली आणि त्याची गोष्ट पुढे सांगायला सुरुवात केली. ती नंतर कित्येक शनिवार चालली आणि आता त्या फौजदाराकडे एक होडी होती.

पुढे माझा कारखाना बंद पडला आणि आम्ही नाशिकला गेलो. निघताना मावशी रडली नाही. आमच्या सामानात बोंबलांची पिशवी कोंबली आणि ट्रंकेच्या आत कुणी लपलं नाही ना हे बघून घेतलं. वर्षातून एकदा आम्ही जायचो. ती म्हातारी होत होती पण दारात तशीच उभी राहायची.

एका थंडीत आमच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. काकांचा आवाज मी फोनवर कधी ऐकला नव्हता. ते बूथवरून बोलत होते आणि मागे बोईसरच्या रिक्षांचे भोंगे वाजत होते. "वलांडी भरलेली हाय," ते म्हणाले. "तुज्या बायकोला घेऊन ये."

आम्ही पोचलो तेव्हा मावशीचं मयत होऊन गेलं होतं. मुलगा कुठल्या तरी समुद्रावर होता. मासे तसेच होते, आदल्या सकाळी तिने टांगलेले, उन्हात अर्धे वाळलेले. सगळी गल्ली दोऱ्यांपाशी उभी होती आणि कुणीही हात लावलेला नव्हता. पहिल्या खांबावर हॅट अडकवलेली होती. माझ्या बायकोने पदर खोचला. शेजारणीने, त्याच शेजारणीने, जिला बायकोने एकदा जिवंतपणी मारलं होतं, पुढे होऊन टोपली धरली. बायको एकेक जोडी जबड्यातून सोडवत राहिली आणि मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. दोरी रिकामी झाली तेव्हा काका पहिल्यांदा मोठ्याने रडले. मग त्यांनी हॅट काढली, झटकली आणि पुन्हा तिथेच अडकवली. जागा अजून गावाचीच होती आणि शेजारणीची पोरं दुपारच्या होडीची वाट बघत होती.

नाशिकला साहेबांनी विचारलं, कोण वारलं. घरमालकीण म्हटल्यावर ते हसले. जुन्या घरमालकिणीचं सुतक कोण पाळतं, सोमवारी हजर व्हा म्हणाले. मी म्हटलं, तिचे मासे आम्ही उतरवले आहेत. त्यांना काही कळलं नाही आणि मी समजावतही बसलो नाही. डोकं भादरून आलो, आणि सुतक फिटेपर्यंत कामावर गेलो नाही.